झाकणातलं पाणी

"आता यात पाणी गेलं तरी चालेल ना?" जयूनं तिसऱ्यांदा विचारलं.

वसंत मेकॅनिक कमरेपर्यंत बॉनेटमध्ये वाकला होता. माधव नगरातल्या घराच्या अंगणात जयूच्या नवऱ्याची, मधुकररावांची, दोन माणसांची लाल जुनी स्पोर्ट्स गाडी उभी होती. ठिणगी पाडणारे तिचे जुने पॉइंट काढून वसंत इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवत होता. म्हणजे दर रविवारी पॉइंट घासायला नकोत, त्यांची फट मोजायला नको. मधुकरराव वर्षभर नको नको म्हणत होते. पण एरवी कशासाठी अडून न बसणाऱ्या जयूनं या एका गोष्टीचा हट्टच धरला.

अकरा वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, तिनंच ही गाडी धुतली होती. पूजेला गाडी स्वच्छ हवी, म्हणून बॉनेट उघडून आतही पाइप मारला होता. दसऱ्याच्या सकाळी देवासहून भावाचा फोन आला. आईचं काही खरं नाही, ताबडतोब निघ. गाडी काही केल्या सुरू होईना. मधुकररावांनी डिस्ट्रिब्यूटरचं, म्हणजे ठिणगीची वीज वाटणाऱ्या डबीचं, झाकण काढलं, आत पाहिलं आणि परत लावून टाकलं.

"पाणी गेलंय," ते म्हणाले. "तू बसनं हो पुढे. मी गाडी सुकवून येतो."

देवास गेटच्या बसस्टँडला सणाची ही गर्दी. दोन बस भरून गेल्या, तिसरीत ती उभ्यानं गेली. पोचली तेव्हा आईला जाऊन वीस मिनिटं झाली होती. शेवटपर्यंत विचारत होती म्हणे, जयू आली का.

तेराव्याला भावाची बायको चारचौघांत म्हणाली, "वन्सं, नेमकी तेव्हाच धुवायची होती का गाडी?" ज्याचं जळतं त्याला कळतं. घरी आल्यावर उलट तिनंच मधुकररावांची माफी मागितली, गाडी बिघडवली म्हणून. आणि त्यांनीही मोठ्या मनानं माफ केलं. "जाऊ दे, तुला काय कळतं यातलं," म्हणाले. तेव्हापासून दसऱ्याला ती लांबूनच गाडीला हळदकुंकू वाहायची.

वसंत बॉनेटमधून वर आला. "वहिनी, पाण्याला काय घाबरता? जुन्या सिस्टममध्येसुद्धा पाणी गेलं तर झाकण काढून पोछून टाकायचं. दो मिनिट का काम है."

"मग त्या दसऱ्याला एवढा वेळ का लागला? मी एकटी देवासला गेले, तेव्हा?"

टॉर्च धरून उभे असलेले मधुकरराव घाईनं म्हणाले, "वसंत, तू हातातलं काम कर."

पण वसंतला तो किस्सा फार प्रिय होता. टावर चौकात चहा पिताना त्यानं तो कितीदा रंगवून सांगितला असेल. "तो दसरा? अहो वहिनी, आत एक थेंब नव्हता. रोटरच नव्हता!" त्यानं अंगठ्याएवढा एक काळा तुकडा वर धरून दाखवला. "हा नसला की गाडी सुरूच होत नाही. चोरीला जाऊ नये म्हणून दादा रोज हा काढून खिशात ठेवायचे ना, तो पँटीबरोबर धोब्याकडे गेला! तुम्ही निघालात आणि मला फोन, दुसरा रोटर घेऊन ये. मैं तो हँस हँस के..."

कोणीच हसत नाही हे त्याच्या उशिरानं लक्षात आलं. हात धुवायचं निमित्त करून तो नळाकडे गेला.

जयू गाडीला टेकली. अकरा वर्षं तिनं स्वतःच्या हातांचा द्वेष केला होता. शेजारी झोपणाऱ्या या माणसानं तो बघितला होता, आणि चालू दिला होता.

"मी सांगणारच होतो," मधुकरराव टॉर्चचं बटण चाचपत म्हणाले. "पण कसं सांगणार, जयू? तू मला माफ केलं असतंस?"

तिनं खरोखरच विचार करून पाहिला. धांदरट माणूस, घाईत खिशात काहीतरी राहून गेलं. कुणाचंही राहील.

"तेव्हा केलं असतं," ती म्हणाली.