सलोमीमावशींचा सूर

"मावशी, राग मानू नका," अमोलिक मास्तर चाचरत म्हणाले, "पण उद्या स्पर्धेत तुम्ही नुसते ओठ हलवा."

चर्चच्या गायकमंडळात सलोमीमावशींचा आवाज सगळ्यांत मोठा होता आणि सगळ्यांत बेसूरही. मास्तरांना यंदा नाताळच्या गीतस्पर्धेत पहिला नंबर हवाच होता. मावशी खळखळून हसल्या. "एवढंच ना, मास्तर? देवाला काय, हललेले ओठसुद्धा ऐकू येतात."

दुसऱ्या दिवशी गाणं छान रंगलं. शेवटच्या कडव्याला मास्तरांची नजर सहज मागच्या रांगेकडे गेली. मावशी हात जोडून, डोळे मिटून ओठ हलवत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहता पाहता मास्तरांची बोटं पेटीवर थबकली. गाणं अडखळलं आणि बक्षीस दुसऱ्याच मंडळाला गेलं.

परतताना सगळे टेंपोत बसले. मास्तर म्हणाले, "चूक माझी झाली. मी परीक्षकांसाठी वाजवत होतो. मावशी, आता तुम्ही सुरुवात करा."

"मी? अहो, सूर जाईल!"

"जाऊ दे."

मावशींनी मोकळ्या गळ्याने गाणं धरलं. सूर भलतीकडेच गेला, आणि हसत हसत सगळे त्याच्या मागे गेले. मास्तरही गेले. टेंपो गावात शिरला तेव्हा तो कल्लोळ ऐकून लोक दारात आले आणि ओरडून विचारू लागले, "काय मास्तर, पहिला नंबर आला वाटतं?"