बंद गाडीचा हार

"बंद गाडीची कसली पूजा, वहिनी? उद्या दसरा, आजच अंगण मोकळं करू," म्हणत दिराने परस्पर भंगारवाल्याला बोलावलंच.

नवऱ्यामागे उरलेल्या जुन्या फियाटचं सगळं वायरिंग तिने स्वतः नव्याने केलं होतं. अडलं होतं फक्त फ्यूज-रिलेच्या पॅनेलपाशी. बाजार पालथा घालूनही ते मिळालं नव्हतं. आणि भंगारवाल्याच्या टेम्पोत मोडक्या ट्रॅक्टरचं धूड, त्यावर फियाटला जुळेल असंच पॅनेल! तिने पदर खोचला, पाना उचलला. "गाडी विकायची नाही. याचं पॅनेल मात्र मी घेणार."

दसऱ्याला सकाळी दीर आपल्या नव्या गाडीला हार घालणार, तोच मागून दणदणीत हॉर्न वाजला. फियाटची काच खाली झाली.

"भाऊजी, तो हार इकडे द्या. आणि तुमची गाडी बाजूला घ्या, मला बाहेर पडायचंय."