शेळीनं खाल्लेलं फूल

“रूजाय, माझी पँट दे!”

इनास अंगणातूनच ओरडला. ओसरीवर चढायची त्याची छाती नव्हती. कमरेला त्यानं लाल-पिवळ्या-जांभळ्या तुकड्यांची गोधडी गुंडाळली होती आणि तेवढी जाड गोधडी धरून ठेवायला दोन हात पुरत नव्हते.

ओसरीवर सहा बाया गोल बसून एकच मोठी गोधडी शिवत होत्या. सहाही जणी खिदळल्या.

“कुठली पँट, भावजी?” शेजारच्या कायतानची बायको सांतान म्हणाली. “ही बघा. डावा पाय इथं आहे, उजवा गोधडीच्या पलीकडच्या कडेला गेला.”

हल्याळच्या जंगलातल्या त्या सिद्द्यांच्या वस्तीत फिका रंग दिसायचा तो फक्त आजाऱ्याच्या तोंडावर. बाया लाल, हिरवं, पिवळं नेसायच्या आणि गोधड्याही तशाच शिवायच्या. पण बेंगळुरूच्या दुकानवाल्या बाईनं बजावून सांगितलं होतं, गोधडी राखी, मातकट, मळक्या पांढऱ्या रंगाची हवी. कोपऱ्यांची फुलंसुद्धा राखीच. लाल औषधालाही नको. आज दुपारच्या बसनं ती न्यायला येणार होती.

असले रंग वस्तीत एकाच ठिकाणी होते, पुरुषांच्या कमरेखाली. तीन दिवसांत एकूण एक पँट गेली. रविवारी मिस्साला पुरुषमंडळी बायकांचे परकर नेसून बसली. पाद्र्यानं आपला जादाचा झगा पेटीत घातला आणि पेटीवर बसूनच प्रवचन दिलं. जंगलखात्याचा गार्ड वळणापर्यंत आला, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांवर एकही पँट नाही हे त्यानं पाहिलं, आणि आपली खाकी दोन्ही हातांनी सांभाळत जो पळाला तो म्हणे कारवारला समुद्र लागला म्हणून थांबला.

एकटा इनास आपली पँट रात्रंदिवस अंगावरच ठेवून होता. पण आज सकाळी तो ओढ्यात उतरला. तेवढ्यात रूजायनं काठावरची पँट उचलली आणि बदल्यात ही गोधडी फेकली.

पँट गेल्याचं त्याला दुःख नव्हतं. त्याला खिसा हवा होता. त्या खिशाचं तोंड त्यानं स्वतः, वेड्यावाकड्या टाक्यांनी शिवून टाकलं होतं. बत्तीस वर्षांत सात पँटी झिजल्या, पण आतली वस्तू एका बंद खिशातून दुसऱ्या बंद खिशात जात राहिली. ती रूजायच्या हाती लागली तर ती आपलं तोंड बघणार नाही, अशी त्याची खात्री होती.

रूजायचा राग साऱ्या वस्तीला माहीत होता. गोधडीच्या चार कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची चार फुलं लागतात. फूल नसेल तर गोधडी उघडी. तेवीस वर्षांची असताना रूजायनं स्वतःसाठी गोधडी शिवली, झुडपावर वाळत घातली, आणि परत येऊन बघते तर चौथं फूल गायब. जवळच कायतानच्या घरची शेळी चरत होती.

“उघडी गोधडी घेऊन मी कुणाच्या घरी नांदायला जायची नाही,” म्हणून तिनं पाच स्थळं परत पाठवली. नवं फूल काही तिनं शिवलं नाही. त्या शेळीच्या अकरा पिढ्यांना मात्र काठी दाखवली. काठी शेळीवर उगारायची आणि ओरडायची इनासच्या घराकडं तोंड करून.

गोधडी कडेनं सुरू होऊन गोल गोल आत सरकत आली होती. आता मधोमध भाकरीएवढी जागा उरली. तिथल्या ठिगळाखाली तांदळाचे दाणे घालायचे, म्हणजे गोधडीचं पोट भरतं. रूजायनं पँटचा उरलेला तुकडा उचलला.

“पोटाला हा खिसाच बरा. आयती पिशवी.”

“तो नको!” इनास ओसरीवर चढलाच. “त्यात… त्यात विंचू आहे!”

“शिवलेल्या खिशात?” सांतान म्हणाली. “अगं बायांनो, मग त्या विंचवाची पण पँट काढून घ्या कुणीतरी!”

बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. रूजाय हसली नाही. तिनं सुईच्या टोकानं एकेक टाका उसवला. मांडीवर एक तिकोनी फूल पडलं. लाल. विटलेलं.

“अगं बाई!” सांतान किंचाळली. “हे तर आमच्या शेळीनं खाल्लेलं!”

सगळ्यांनी अंगणाकडं पाहिलं. शेळी रवंथ करत होती.

“तुझं काहीतरी जवळ असावं म्हणून घेतलं,” इनास पुटपुटला. “दुसऱ्या दिवशी आणून देणार होतो, आणि एक गोष्ट विचारणार होतो. पण तू काठी घेऊन निघालीस.” त्यानं डोळे मिटले आणि काठीची वाट पाहिली.

काठी आली नाही. रूजायनं रिकामा खिसा सांतानकडं टाकला. “तांदूळ घाल आणि बस यायच्या आत मिटव.” मग तिनं पदरात टोचलेली दुसरी सुई काढली. त्या राखी पसाऱ्यात तिच्या सुईत लाल दोरा सकाळपासून ओवलेला होता. तिनं इनासची मूठ उघडली. मुठीत त्याच्या कमरेच्या गोधडीचा, तिनं तेव्हा स्वतःसाठी शिवलेल्या त्याच गोधडीचा, चौथा कोपरा होता, उघडा. तिनं फूल त्यावर ठेवलं.

“हलू नकोस. सुई लागेल.”

“रूजायबाय,” सांतान हळूच म्हणाली, “म्हणजे तुला ठाऊक होतं?”

“शेळी टाके उसवून दोरा नीट गुंडाळून झुडपावर ठेवून जात नाही गं.” रूजायनं शेवटचा टाका घातला आणि दोरा दातानं तोडला. “एवढी शहाणी शेळी मागणी घालायला कधी येते, तेच बघत बसले होते बत्तीस वर्षं.”