वेलिकाकडे वळणारे फोन

ऐन गर्दीच्या वेळी रांगेलने तळघरातल्या पेटीतून इंटरनेटची तार स्वतःच्या हाताने काढली, झाकण नीट बसवले आणि जिना चढता चढता चेहऱ्यावर काळजी आणली.

‘लास्तोवित्सा’ टॅक्सी कंपनीच्या कचेरीतले सगळे फोन मुके झाले होते. मालक मोमचिल टेबलाभोवती येरझाऱ्या घालत होता.

“पुन्हा गेलं, रांगेलकाका!”

“पुलापाशी रस्ता खोदताहेत. तिकडेच तार दुखावली असेल. बघून येतो.”

“बघा, बघा. तुमच्या बघण्यानं तारा जुळत असत्या, तर अख्ख्या सेव्हलिएवो गावात एक फोन बंद पडला नसता.”

रांगेलने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यापासून त्याने तारांचेच काम केले होते, आणि त्याने जोडलेली तार पुन्हा पाहावी लागत नाही, असा त्याचा लौकिक होता. गेल्या शरदापासून तो लौकिक झिजत चालला होता. झिजवणारा तो स्वतःच होता.

फोन मात्र एकही वाया जात नव्हता. कचेरीतले इंटरनेट गेले की येणारा प्रत्येक फोन आपोआप वेलिकाच्या घरी वळत असे. नवे फोन बसवताना ही सोय रांगेलनेच करून ठेवली होती. वेलिकाने अर्धे आयुष्य याच कचेरीत फोन घेऊन गाड्या पाठवण्यात घालवले होते. मांडीचे हाड मोडल्यावर ती घरी बसली. नवरा आधीच गेलेला, मुलगी दूर बुर्गासला, समुद्राकाठी.

गेल्या शरदात रांगेल तिला भेटायला गेला, तेव्हा सगळ्या गल्लीत लाल मिरच्या भाजल्याचा वास दरवळत होता. वेलिकाच्या बाल्कनीतली शेगडी तेवढी थंड होती. हिवाळ्यासाठी तिने एक बरणीसुद्धा भरली नव्हती. बेगमी सोडलेली बाई जगण्याचीही आशा सोडते, असे त्या गावातली जुनी माणसे मानत. रांगेल त्या रात्री नीट झोपला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पहिल्यांदा तार काढली.

आता तो तिच्या दारात पोचला, बूट काढून सपाता चढवल्या आणि आत डोकावला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात चालकांशी बोलायचा रेडिओ. वेलिकाचे गाल लाल झाले होते.

“लास्तोवित्सा, बोला! कोण, दोब्री? दाढ दुखतेय? मग काल ती राकिया दारू दाढेला लावलीस की थेट पोटाला? उभा राहा दारात, पाठवते.” तिने रेडिओ तोंडाशी नेला. “ग्रोझ्दान, पोस्टासमोरून दोब्रीला घे. आणि ते गाणं बंद कर मेल्या, त्याची दाढ दुखतेय, कान नाही.”

रांगेलला हसू आले. गेल्या शरदातली बाई ती हीच का, असे त्याला वाटले.

“काय रे, सापडला का बिघाड?” तिने विचारले.

“शोधतोय, वेलिकाताई.”

“शोध सावकाश. घाबरू नकोस. मी आहे ना इथं.”

हे शब्द मनाशी धरून तो कचेरीत परतला आणि त्याने गुपचूप तार जोडली. वर मोमचिल त्याचीच वाट पाहत होता.

“काका, सोमवारी सोफियाहून माणूस येतोय. दुसऱ्या कंपनीची वेगळी लाइन घेतोय. एक गेली की दुसरी आपोआप सुरू, आणि वीज गेली तर बॅटरी. वेलिकामावशीला किती पिदडायचं? आणि तुम्हीही आता विश्रांती घ्या.”

विश्रांतीचा अर्थ रांगेलला कळला. लाइनमध्ये कधीच काही बिघाड नव्हता, एवढे एक वाक्य बोलला असता तर नोकरी नाही तरी निदान कारागीर म्हणून नाव वाचले असते. पण गाव लहान होते. ते वाक्य संध्याकाळपर्यंत वेलिकाच्या कानी गेले असते, आणि आपल्याला मिळालेले काम ही एका माणसाने केलेली दया होती, हे तिला कळले असते. त्याने हत्यारांची पिशवी उचलली.

सोमवारी सोफियाच्या माणसाने चाचणीसाठी एक तार उपटली. फोन चालूच राहिले. वीज तोडली, तरीही चालूच. मोमचिलने टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यात उभ्या असलेल्या रांगेलनेही वाजवल्या, कारण काम चोख होते. मग तो वेलिकाकडे निघाला. काय बोलायचे ते त्याने वाटभर जुळवले, पण दार उघडताच सरळ सांगून टाकले.

“वेलिकाताई, यापुढे फोन तुमच्याकडे वळणार नाहीत.”

तिने चष्मा काढला. “कधीच नाही?”

“नाही.”

“तार तुटली तरी?”

“दुसरी आहे.”

“वीज गेली तर?”

“बॅटरी आहे.”

तिचे डोळे भरून आले. रांगेलला तिच्याकडे पाहवेना. “चूक माझीच आहे, ताई. मी जर...”

“गप बस. आधी सांग, तुला काढलं का?”

“विश्रांती घ्या म्हणाला. पेन्शन आहे माझी. भागेल.”

“नक्की भागेल?”

त्याने तिकडच्या रीतीप्रमाणे होकारासाठी मान डावी-उजवीकडे हलवली. तिने डोळे पुसले, फोन जवळ ओढला आणि नंबर फिरवला. आता मोमचिलची खरडपट्टी निघणार, असे वाटून रांगेल तिला अडवायला पुढे सरकला.

“रुसाना, मी आई बोलतेय. उद्याच्या गाडीनं कायमची येतेय गं तुझ्याकडे... हो, ठाऊक आहे, मागच्या शरदातच खोली रंगवून ठेवलीस, म्हणून तर मी बरण्या भरल्या नव्हत्या. पण इथं आमच्या रांगेलला ते नवं यंत्र काही केल्या जमेना, आणि मी फोन उचलायला नसते, तर बिचाऱ्याची नोकरी तेव्हाच गेली असती!”