हारापाशी अडकतंय

क्रांतीच्या लग्नाची ब्लू-रे डिस्क घरच्या कॉम्प्युटरवर हारापाशी आली, की हटकून अडकायची. सनई पुढं वाजत राहायची आणि लेक मात्र हातात हार धरून पडद्यावर तशीच उभी. आकाराम वैतागून लगेच बंद करायचा. लग्नानंतर पोरगी एकदाही माहेरी आली नव्हती, फोनवरही "बरी हाय" यापलीकडं बोलत नव्हती. त्यामुळं बापाचा सगळा जीव त्या डिस्कवर टांगलेला.

राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरवाल्यानं प्लेअर बदलला, रॅम वाढवली, शेवटी नवं ग्राफिक्स कार्डही घातलं. आज सुरुवातीपासनं लग्न कसं सुळसुळ पुढं सरकलं. चित्र इतकं लख्ख, की क्रांतीच्या केसांत अडकलेल्या अक्षतासुद्धा दिसत होत्या. आणि हारापाशी येऊन पुन्हा तेच!

"पावणं, जमत न्हाय तर न्हाय म्हणा की सरळ!" आकाराम फोनवर कॉम्प्युटरवाल्यावर ओरडला. फोन आपटून तो रडकुंडीला आला. "समदं चालतंय, मग माझी लेकच तेवढी का अडकून बसतीया?"

तो बंद करायला निघाला, तशी शेजारी बसलेल्या बायकोनं, शेवंतानं त्याचा हात धरला. तिची नजर पडद्यावरनं हलली नव्हती.




"अवो, डिस्क कुठं अडकलीया? पोरीच्या मागचा पंखा बघा की... फिरतोय."