गवताचा कावळा

बाभळीवर कावळे मोप होते, पण शहादेवच्या पिंडाला एकही शिवेना.

नदी ठणठणीत कोरडी. अंघोळीसाठी आणलेल्या टँकरचं पाणी केव्हाच वाळूत जिरलं होतं आणि माणसं एकदा पिंडाकडे, एकदा बाभळीकडे बघत ताटकळत उभी होती. साखर कारखान्यात वाफेने भाजून मेलेल्या कामगाराचा दहावा, गर्दी जमणारच. त्यात एका बाजूला मंत्री सुंदरराव, ज्यांच्या ताब्यात सध्या कारखाना होता. दुसऱ्या बाजूला विरोधी पक्षाचे आमदार मोहनराव, ज्यांच्या हातून सुंदररावांनी तो हिसकावून घेतला होता. दोघे एकमेकांच्या लग्नकार्याला जात नसत. मयतीला मात्र दोघेही चुकत नसत. मयतीला मतदार जास्त असतात.

कारखाना गेल्यापासून मोहनरावांना धड झोप नव्हती. परवाच विधानसभेत त्यांनी सरकारला फैलावर घेतलं होतं. कामगाराच्या पगारातून विम्याचा हप्ता कापता, दुष्काळी कामांच्या नावाने कर कापता, मग त्याच्या घरी जातं काय? आणि कापलेला हप्ता विमा कंपनीकडे पोचतच नसेल, तर तो मुरतो कुठं? सुंदररावांनी ‘माहिती घेतो’ म्हणून वेळ मारून नेली होती. आज मात्र पळायला वाट नव्हती. मोहनरावांना आतून नुसत्या गुदगुल्या होत होत्या.

सुंदररावांनी घड्याळ पाहिलं. “भटजी, दर्भाचा कावळा करा आन् शिववा. मला कडा गावाला कार्यक्रम हाय.”

भटजींनी दर्भाची काडी उचलली, तसे मोहनराव पुढे सरसावले.

“थांबा भटजी! गवताचा कावळा सरकारला चालत आसंल, आमाला न्हाई. शहादेवचा जीव कशात अडकलाय ते सगळ्या गावाला ठावं हाय. पगारातून हप्ता कापला, पुढं भरला न्हाई. आता इमा कंपनी त्याच्या बायकोला वळखसुदिक दाखवंना. बोला मंत्रीसाहेब. पिंडापुढं बोला.”

सुंदररावांनी बूट काढले. तापलेल्या वाळूत पाय भाजत ते पिंडापाशी गेले आणि हात जोडले.

“शहादेव, तुझ्या इम्याचे पैसे महिन्याच्या आत तुझ्या घरी पोचतील. हा माझा शब्द.”

एका कावळ्याने फांदी बदलली आणि पंख साफ करत बसला. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

“मेलेला माणूसबी ह्यांचा शब्द धरंना!” मोहनरावांनी मिशीवरून हात फिरवला. आता सगळेच हसले. सुंदररावांचं तोंड काळंठिक्कर पडलं. मोहनरावांनी ते डोळे भरून पाहून घेतलं. तीनदा निवडून येऊनही एवढा गारवा काळजाला कधी मिळाला नव्हता.

“आमदारसाहेब, आता तुमी बोला.”

शहादेवची बायको सत्यभामा दिराच्या मागून पुढे आली होती. इतका वेळ ती तिथे आहे हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

“म्या?” मोहनराव हसले. “म्या कावून बोलू, ताई? म्या तर इरोधात हाय.”

“पयली कपात झाली तवा चेअरमन तुमीच व्हता की. हप्ता तवाबी भरला नव्हता. इचारायला आमचे मालक तुमच्या वाड्यावर गेलते. तुमी दारातूनच हाकलून दिलं.”

“चोराच्या उलट्या बोंबा,” बायकांतून एक म्हातारा आवाज आला.

मोहनरावांचा हात मिशीवरच राहिला. हसणारं आता कुणी नव्हतं. वाळूत चार पावलं पुढे जाण्यावाचून इलाज नव्हता.

“शहादेव,” ते म्हणाले, “हा प्रश्न म्या धसास लावतो. येत्या अधिवेशनात...”

बाभळीवरून एक कावळा ओरडला. खाली कुणी आला नाही.

मग सत्यभामा पिंडापुढे बसली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. दहा दिवस ते आटलेलंच होतं आणि त्या जागी जे साठलं होतं ते तिने आज कुणापासून लपवलं नाही.

“ऐका मालक. ह्यांच्या शब्दावर तुमचा इस्वास न्हाई, माजाबी न्हाई. पर माजा शब्द घ्या. ह्या दोघांच्या दहाव्याला म्या जाईन. दोघांच्याबी. गोफण घिऊन जाईन आन् दिस मावळंस्तवर एक कावळा पिंडावर बसू देणार न्हाई. मंगच तुमच्याकडं येईन.”

ती पदर सावरून उठायच्या आत कावळा उतरला. मागोमाग दुसरा, तिसरा. बघता बघता अख्खी बाभळ रिकामी झाली.

कितीतरी जणांनी नकळत हात जोडले. भटजी घाईघाईने पुढचं सांगू लागले. सुंदरराव कड्याचा कार्यक्रम विसरले आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा मोहनरावांच्या शेजारी येऊन उभे राहिले. दोघे काहीतरी कुजबुजले. मग मोहनराव सत्यभामेजवळ गेले. विधानसभा हलवणारा त्यांचा आवाज आता शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये इतका हळू होता.

“ताई, उंद्याच्या उंद्या पैसे घरी येतील. आमी दोघं मिळून बघतो. तेवढं ते... गोफणीचं म्हागं घ्या.”

सत्यभामेने त्यांच्याकडे पाहिलं, मग सुंदररावांकडे.

“पैसे धाडून द्या, ते आमच्याच घामाचे हायती,” ती म्हणाली. “गोफणीचं आता फिरवता येत न्हाई, साहेब. कावळा शिवलाय.”