खाऱ्या मांसाची बादली

एकेक करत बाकीचे वक्ते खाली बसले आणि भर उन्हातल्या मैदानावर दोघंच उभे राहिले, सापोलू आणि फुआवा. दोघांच्या हातात उंच काठ्या, खांद्यावर चवऱ्या. उपोलू बेटावरून आलेल्या पाहुण्यांपुढे गावाच्या वतीने कोण बोलणार, याचा वाद सकाळपासून चालला होता. शेवटपर्यंत जो उभा राहील तो बोलेल, ही समोआची रीत. आणि रीत म्हटली की डोक्यावर छत्री धरायला कोणी येत नाही.

नीरफणसाच्या सावलीत बसलेली मोएलागी पंखा हलवायचं विसरली होती. गेल्या वर्षी याच मैदानावर पूर्वजांची नावं घेता घेता तिचा नवरा मध्येच थांबला होता. डोळ्यांपुढे अंधारी, जीभ जड. सापोलू काठीला धरून खाली बसला आणि उरलेलं भाषण फुआवाने ऐटीत पूर्ण केलं. रक्तदाब फार वाढलाय, डॉक्टर म्हणाला. मीठ सोडा, डब्यातलं मांस सोडा, चाला. सापोलूला त्यातलं काही ऐकू गेलं नाही. मोएलागीला सगळं ऐकू गेलं.

तेव्हापासून घरात मीठ नाही. तारोचा कंद उकडायचा, वर लिंबू. मासा भाजायचा, वर लिंबू. मळ्यावर जायचं ते पायी.

"अगं, गुरांनासुद्धा चाटायला मिठाचा खडा मिळतो," सापोलू कुरकुरायचा.

"गुरं भाषणं करत नाहीत," ती म्हणायची.

एकदा हा गडी दुकानाच्या मागे डब्यातलं मांस बोटांनी खाताना सापडला. ती ओरडली नाही. त्याच्या शेजारी मातीत बसली आणि ढसाढसा रडली. त्यानंतर मात्र त्याने डब्याला हात लावला नाही.

"सापोलू, बस बाबा आता," फुआवा सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "अळणी खाणाऱ्याची जीभही अळणी. गेल्या वर्षीसारखं पाहुण्यांपुढे गावाचं हसं करशील."

लोक खदखदून हसले. मोएलागीच्या अंगाचा तिळपापड झाला.

सापोलूही हसला. "जीभ असेल रे अळणी. पाय बघ की माझे! पहाटे मळ्यावर चालत जाऊन आलोय. तू पलीकडच्या घरातून गाडीत बसून आलास, आणि काठी तुझीच हलतेय."

सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या. काठी खरंच थरथरत होती. फुआवाचा चेहरा लालबुंद झाला होता, पाय सुजून टम्म. त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण शब्द काही येईना. त्याची बायको सिएनी पलीकडे अर्धवट उठली. सिएनीचा तो घाबरलेला चेहरा मोएलागीच्या चांगला ओळखीचा होता; गेल्या वर्षी तो तिचाच होता. तिचा राग जागच्या जागी विरला.

फुआवा हळूहळू खाली बसला. "बोल तू," एवढंच म्हणाला.

आणि सापोलू बोलला! वाऱ्याशी बोलला, समुद्राशी बोलला, पाहुण्यांच्या होड्यांचं गुणगान केलं. मग पूर्वजांच्या नावांवर आला. गेल्या वर्षी जिथे अडला होता ते नाव जवळ आलं तशी मोएलागीने गळ्यातल्या माळेची फुलं मुठीत चुरगाळली. सापोलू त्या नावाशी क्षणभर थांबला, छाती भरून श्वास घेतला, आणि असा काही खणखणीत आवाज लावला की किनाऱ्यावरची पोरंसुद्धा वळून बघायला लागली. "मालो! मालो!" अशा शाबासकीने मैदान दणाणलं. म्हाताऱ्या उठून नाचायला लागल्या. मोएलागी रडत होती आणि हसत होती, आणि कोण बघतंय याची तिला पर्वा नव्हती.

पाहुण्यांनी वक्त्यापुढे मानाची भेट ठेवली. रेशमासारखी मऊ चटई आणि खाऱ्या मांसाची भलीमोठी बादली. झाकण निघालं आणि वास सुटला. जिंकणाऱ्याने वाटणी करायची आणि शेवटी माघार घेणाऱ्याला पहिला वाटा द्यायचा, असा शिरस्ता. फुआवाची नजर बादलीवर होती. मोएलागीची नवऱ्यावर. सापोलूच्या नाकपुड्या फुलल्या. त्याने आवंढा गिळला, तोही तिला दिसला.

"मांस घरोघर वाटा," सापोलू म्हणाला. "प्रत्येक घराला थोडं थोडं. माझं घर सोडून. आणि फुआवाचंही."



"मला वगळतोस?" फुआवा काठी टेकवून उठला. "चारचौघांत अपमान करतोस माझा?"

सापोलूने ती चटई उचलली आणि अख्खी त्याच्या हातांवर ठेवली. जिंकलेली चटई आजवर कोणी कोणाला दिली नव्हती.

"चटई घे. मांस मागू नकोस," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मघाशी तुझ्या डोळ्यांपुढे जी अंधारी आली ना, ती माझ्या ओळखीची आहे. तू गेलास तर पुढच्या वर्षी मी हरवू कुणाला, लेका?"

फुआवाने चटई काखेत मारली. मग नाक पुसून म्हणाला, "हरवतोय म्हणे. बघू पुढच्या वर्षी."

तेवढ्यात सिएनी सावलीत येऊन मोएलागीला खेटून बसली.

"मोएलागी, तारोवर लिंबू किती पिळतेस गं?"

मोएलागीने पंखा उचलला आणि तिलाच वारा घालायला लागली.

"लिंबाचं नंतर सांगते. आधी त्याच्या गाडीची किल्ली लपव."